४० किलोहर्ट्झसाठी झोन प्लेट: अंतरे ठरवण्यापासून नाभी मोजण्यापर्यंत

सपाट पत्र्यात ठरावीक त्रिज्यांची वलये कापून ध्वनी एका जागी गोळा करणारी झोन प्लेट हा ध्वनी केंद्रित करणाऱ्या रचित पृष्ठभागांपैकी सर्वांत साधा प्रकार आहे. तरीही तो करून पाहणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: नाभी (ध्वनी गोळा होण्याचा बिंदू) सांगितलेल्या जागी सापडत नाही, किंवा सापडली तरी वाढ नगण्य दिसते. प्लेट तपासून पाहिली तर ती बहुतेक वेळा नीट कापलेली निघते. चूक त्याच्या आधी, म्हणजे गृहीत धरलेल्या अंतरात झालेली असते, किंवा नंतर, म्हणजे मोजणीत होते. म्हणून या लेखात कापणीला थोडी जागा दिली आहे आणि तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या टप्प्यांना जास्त.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. ही प्लेट ध्वनीत स्वतःची कोणतीही ऊर्जा घालत नाही. जे ध्वनिमार्ग नाभीपाशी एकमेकांना मारक ठरले असते ते ती अडवते आणि पूरक मार्ग मोकळे ठेवते, त्यामुळे त्या एका बिंदूवर दाब वाढतो आणि त्याच्या आजूबाजूला कमी होतो. ‘वर्धन’ हा शब्द पुढे येईल तेथे त्याचा अर्थ एवढाच घ्यावा.

## टप्पा १: वारंवारता निवडणे

प्लेटचा आकार तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वारंवारतेची निवड ही प्रत्यक्षात जागेची निवड असते. २५ अंश सेल्सिअसला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६.४ मीटर असतो, म्हणून ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी ८.६६ मिमी येते आणि नऊ वलयांची प्लेट सोळा सेंटिमीटर व्यासात बसते. तीच रचना ४ किलोहर्ट्झला करायची म्हटली तर सर्व मापे दहापट होतात, म्हणजे व्यास एक मीटर साठ सेंटिमीटर आणि स्रोत तीन मीटर दूर. ऐकू येणाऱ्या आवाजापासून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो, पण पहिली प्लेट ४० किलोहर्ट्झचीच करावी. या वारंवारतेचे ट्रान्सड्यूसर (विजेचा ध्वनी किंवा ध्वनीची वीज करणारे घटक) सहज मिळतात, प्लेट टेबलावर मावते आणि खोलीतील प्रतिध्वनी लवकर विरतात.

सावधान: ऐकू येत नाही म्हणून तीव्रता कमी आहे असे समजू नये. पूर्ण व्होल्टेजवर चालवलेला एकच लहान ट्रान्सड्यूसर ३० सेंटिमीटरवर ११० ते १२० डेसिबल देऊ शकतो, आणि नाभीपाशी त्यात आणखी भर पडते. कान किंवा डोळा नाभीच्या जागी नेऊ नये. कुत्र्यांना साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत आणि मांजरांना त्याहूनही वरपर्यंत ऐकू येते, तेव्हा घरातील प्राणी आधी दुसऱ्या खोलीत ठेवावेत. माझी मांजर सिग्नल जनरेटर चालू होताच स्वतःहून निघून जाते, पण सगळ्याच प्राण्यांना दार उघडे मिळते असे नाही.

## टप्पा २: साहित्य

प्लेटसाठी २ ते ३ मिमी जाडीचा ॲक्रिलिकचा पत्रा उत्तम. तो नसेल तर ताठ, जाड पुठ्ठाही चालतो, आणि यावर लोकांचा विश्वास बसत नाही. कारण समजून घेतले की शंका राहत नाही: पत्रा ध्वनी अडवतो तो मुख्यतः आपल्या वस्तुमानामुळे, आणि वारंवारता जितकी जास्त तितके हलके पत्रेही पुरतात. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद ४० किलोहर्ट्झला हिशेबाने जवळपास ४० डेसिबल अडवतो, तर २ किलोहर्ट्झला तोच कागद जेमतेम १३ डेसिबल अडवतो. पुठ्ठ्याची खरी अडचण वजनाची नसून वाकण्याची आहे, म्हणून त्याला कडेने चौकट चिकटवावी. जाड लाकूड मात्र टाळावे. बाहेरील फटी ५ मिमी रुंद असतात. पत्रा १० मिमी जाड असला तर त्या फटी न राहता खोल बोळ होतात आणि तिरके येणारे तरंग त्यांत नीट शिरत नाहीत.

याशिवाय ४० किलोहर्ट्झचा प्रक्षेपक (ध्वनी सोडणारा) ट्रान्सड्यूसर, ठरावीक लांबीच्या तुटक स्पंदमाला (मोजक्या चक्रांचे झटके) देऊ शकणारा सिग्नल जनरेटर, तरंग पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आणि ग्राहक (ध्वनी टिपणारा घटक) लागतो.

ग्राहकाच्या निवडीत सर्वाधिक फसगत होते. प्रक्षेपकासोबत जोडीने मिळणारा ग्राहक १६ मिमी व्यासाचा असतो आणि आपली नाभी आडव्या दिशेत सुमारे ७ मिमीच रुंद असणार आहे. असा ग्राहक नाभी आणि तिच्याभोवतीचा शांत पट्टा यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे प्लेट निर्दोष असूनही वाढ किरकोळ दिसते. ८० किलोहर्ट्झपर्यंत प्रतिसाद देणारा छोट्या छिद्राचा मेम्स मायक्रोफोन (सिलिकॉन चिपवर बनवलेला अतिशय लहान मायक्रोफोन) घ्यावा. तो मिळत नसेल तर मोठ्या ग्राहकाच्या तोंडावर ३ मिमीचे छिद्र असलेला पुठ्ठा बसवावा. संवेदनशीलता बरीच घटेल, पण वाचन त्या जागेचे असेल. मोबाइलचा मायक्रोफोन या कामाचा नाही. त्यातील नमुनादर साधारणपणे सेकंदाला ४८ हजार असतो, त्यामुळे २४ किलोहर्ट्झच्या वरचे काहीही त्यात नोंदले जात नाही.

## टप्पा ३: बैठक आधी, प्लेट नंतर

बहुतेक जण आधी त्रिज्यांचे कोष्टक शोधतात, प्लेट कापतात आणि मग ती कुठे ठेवायची याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. झोन प्लेट ही दोन अंतरांच्या जोडीसाठी बनलेली असते: स्रोत ते प्लेट आणि प्लेट ते नाभी. यांतील एकही अंतर बदलले तर तिची नाभी हलते.

प्रचलित कोष्टके स्रोत अनंत अंतरावर आहे असे मानून काढलेली असतात, म्हणजे प्लेटवर सपाट तरंग येतात असे त्यांत गृहीत असते. टेबलावरचा ट्रान्सड्यूसर तीस सेंटिमीटरवर असतो आणि त्याचे तरंग गोलाकार पसरत येतात. सपाट तरंगांसाठी १०० मिमी नाभीय अंतराची प्लेट कापली आणि स्रोत ३०० मिमीवर ठेवला, तर नाभी भिंगाच्या सूत्राप्रमाणे सुमारे १५० मिमीवर जाते. १०० मिमीवर मायक्रोफोन धरून बसलेल्या माणसाला तेथे विशेष काही मिळत नाही, आणि तो कापणीला दोष देतो.

या लेखात पुढील जोडी धरली आहे: स्रोत ते प्लेट ३०० मिमी, प्लेट ते नाभी १०० मिमी. आपल्या टेबलाला दुसरी जोडी सोयीची असेल तर ती घ्यावी, मात्र एकदा ठरवल्यावर कागदावर लिहून टेबलावर चिकटवावी.

बैठकीसाठी एक सरळ लाकडी पट्टी घेऊन तिच्यावर तीन उभे आधार बसवावेत आणि तिघांची मध्यरेषा टेबलापासून सारख्या उंचीवर आणावी. ही उंची किमान २५० मिमी ठेवावी, म्हणजे टेबलावरून परतणारा ध्वनी थेट ध्वनीपेक्षा बराच उशिरा पोहोचेल. मायक्रोफोनचा आधार अक्षावर पुढे-मागे आणि आडवा असा दोन्ही दिशांना सरकवता आला पाहिजे. आडव्या दिशेला १ मिमीची नेमकी सरक मिळणे गरजेचे आहे.

पडताळणी: प्लेट नसताना ४०० मिमीवर मायक्रोफोन ठेवून २० चक्रांची स्पंदमाला सोडावी. ती १.१५ मिलिसेकंदांच्या आसपास पोहोचली पाहिजे. वेळ यापेक्षा बरीच वेगळी असेल तर अंतर पुन्हा मोजावे.

## टप्पा ४: त्रिज्या काढणे

नियम साधा आहे. स्रोतापासून वलयाच्या कडेपर्यंत आणि तेथून नाभीपर्यंतचा तिरका मार्ग सरळ मार्गापेक्षा दर वलयाला अर्ध्या तरंगलांबीने वाढला पाहिजे. ‘अर्ध्या’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. पूर्ण तरंगलांबी धरून काढलेल्या प्लेटमध्ये प्रत्येक उघड्या वलयात पूरक आणि मारक असे दोन्ही मार्ग येतात आणि ते एकमेकांना खोडून टाकतात.

आपल्या मापांसाठी अर्धी तरंगलांबी ४.३३ मिमी आहे. प्रत्येक वलयासाठी कृती अशी:

१. ४०० मध्ये वलयाचा क्रमांक गुणिले ४.३३ मिळवावे. हा एकूण मार्ग.

२. दोन अंतरांच्या वर्गांतील फरक, म्हणजे ९०,००० वजा १०,००० बरोबर ८०,०००, याला एकूण मार्गाने भागावे.

३. भागाकार एकूण मार्गात मिळवून बेरीज निम्मी करावी. हे स्रोतापासून त्या कडेपर्यंतचे तिरके अंतर.

४. त्याचा वर्ग करून त्यातून ९०,००० वजा करावेत आणि वर्गमूळ काढावे. ही त्रिज्या.

पहिल्या वलयासाठी एकूण मार्ग ४०४.३३, भागाकार १९७.८५८, तिरके अंतर ३०१.०९४ आणि त्रिज्या २५.६ मिमी येते. येथे दशांश स्थळे छाटू नयेत. शेवटच्या पायरीत दोन मोठ्या संख्यांमधील लहान फरक घेतला जातो, ३०१.०९४ ऐवजी सरळ ३०१ धरले तर त्रिज्या २४.५ येते, म्हणजे एक मिलिमीटरहून अधिक चूक. तीन दशांश शेवटपर्यंत न्यावेत आणि उत्तर आल्यावरच एका दशांशावर आणावे.

| कड | त्रिज्या (मिमी) | या कडेच्या आतील भाग |
|---|---|---|
| १ | २५.६ | उघडा (मधली चकती) |
| २ | ३६.५ | बंद |
| ३ | ४५.० | उघडा |
| ४ | ५२.२ | बंद |
| ५ | ५८.७ | उघडा |
| ६ | ६४.७ | बंद |
| ७ | ७०.२ | उघडा |
| ८ | ७५.५ | बंद |
| ९ | ८०.५ | उघडा |

नवव्या कडेच्या बाहेर सर्व बंद. आणखी वलये घालण्याचा मोह आवरावा. वलय बाहेर जाते तसे अरुंद होत जाते, आणि नववे वलय आताच ५ मिमीवर, म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्याच्या जरा वर आलेले आहे. त्यापुढे कापणीतील चूक रुंदीच्या मानाने मोठी होते आणि तिरक्या मार्गांचा वाटाही घटत जातो.

तापमानाबद्दल दोन शब्द. खोलीचे तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेले तर तरंगलांबी पावणेदोन टक्क्यांनी वाढते आणि नाभी दोन-तीन मिलिमीटर प्लेटकडे सरकते. नाभी अक्षाच्या दिशेने तीन-चार सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे हा फरक जाणवतही नाही. अंशाच्या दशांशाची चिंता करणारे आणि स्रोताचे अंतर मात्र अंदाजाने ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. चिंता उलट्या ठिकाणी आहे.

पडताळणी: शेवटच्या त्रिज्येवरून उलटा हिशेब करावा. ३०० व ८०.५ यांचा कर्ण ३१०.६, १०० व ८०.५ यांचा कर्ण १२८.४. बेरीज ४३९.०, त्यातून ४०० वजा जाता ३९.० मिमी उरले, म्हणजे साडेचार तरंगलांब्या. असे जुळले तरच पुढे जावे.

## टप्पा ५: आखणी आणि कापणी

पत्रा किमान ३०० मिमी लांब-रुंद घ्यावा. वलये सोळा सेंटिमीटरमध्येच मावत असली तरी कडेवरून वळून येणारा ध्वनी रोखण्यासाठी बाकीचा भाग लागतो.

बंद वलये अधांतरी राहू शकत नाहीत, त्यांना धरून ठेवण्यासाठी मध्याभोवती चार दिशांना ३ मिमी रुंदीच्या काड्या सोडाव्यात. आतल्या दुसऱ्या उघड्या वलयाचाही या काड्यांनी जेमतेम पाच टक्के भाग झाकला जातो, त्याची पर्वा करू नये. मधल्या चकतीतून काड्या नेण्याची गरज नाही; पहिल्या बंद वलयापासून बाहेरच पुरे.

कापताना तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल: काही आरेखन प्रणालींत वर्तुळासाठी व्यास मागितला जातो आणि कोष्टकातील आकडा तसाच भरला जातो. दुसरी, छपाईची. कागदावर नमुना छापून तो पत्र्यावर चिकटवायचा असेल, तर छपाईच्या खिडकीतील ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करावा लागतो. माझी पहिली प्लेट यातच गेली. नमुना चार टक्क्यांनी आक्रसून छापला गेला होता, डोळ्यांना काहीच कळले नाही, आणि नाभी अपेक्षेपेक्षा जवळ का येते याचा शोध घेण्यात एक पूर्ण रविवार गेला. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात मी १०० मिमीची एक रेघ काढतो आणि कात्री उचलण्याआधी तिला पट्टी लावतो. तिसरी चूक हाताने कापणाऱ्यांची: आतून बाहेर कापत गेल्यास पत्रा सैल होत जातो आणि बाहेरील अरुंद वलये वेडीवाकडी होतात. बाहेरचे वलय आधी कापावे आणि मधली चकती सर्वांत शेवटी काढावी.

लेझरने कापल्यास किरणाच्या जाडीने कड एक-दोन दशांश मिलिमीटर सरकते, तेवढे चालते. हाताने अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिले तरी पहिल्या प्लेटला पुरेसे आहे.

पडताळणी: कॅलिपरने नवव्या कडेचा व्यास दोन काटकोनी दिशांना मोजावा. दोन्ही वेळा १६१ मिमीच्या अर्ध्या मिलिमीटर आत-बाहेर आले पाहिजेत. दोन वाचनांत फरक असेल तर वर्तुळ लंबगोल झाले आहे.

याच मापाचा, काहीही न कापलेला दुसरा पत्रा बाजूला ठेवावा. त्याचे काम सातव्या टप्प्यात आहे.

## टप्पा ६: जुळवणी

स्रोताचे तोंड, प्लेटचे मध्य आणि मायक्रोफोनचे छिद्र एका रेषेत आणावे. दोरा ताणून हे चांगले साधते: ट्रान्सड्यूसरच्या मध्यापासून मायक्रोफोनपर्यंत ताणलेला दोरा मधल्या चकतीच्या बरोबर मध्यातून गेला पाहिजे. प्लेट या दोऱ्याला काटकोनात आहे की नाही हे गुण्याने दोन्ही दिशांना पाहावे. दोरा नंतर काढून टाकावा. हे सांगायची वेळ येते.

स्रोत अक्षावरून १० मिमी सरकला तर नाभी विरुद्ध बाजूला ३.३ मिमी सरकते. सात मिलिमीटरच्या नाभीत एवढे सरकणे म्हणजे शिखर हुकणे. त्यामुळे एका जागेवरच्या वाचनावर कधीही निष्कर्ष काढू नये.

## टप्पा ७: तीन वाचने

जनरेटरचे व्होल्टेज शिखर-ते-शिखर २ व्होल्ट ठेवून सुरुवात करावी आणि वारंवारता ३९ ते ४१ किलोहर्ट्झच्या दरम्यान सावकाश फिरवून मायक्रोफोनवर जास्तीत जास्त आयाम (तरंगाची उंची) जेथे मिळतो तेथे थांबवावी. हे ट्रान्सड्यूसर आपल्या अनुनादाच्या, म्हणजे स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या, एक-दोन किलोहर्ट्झमध्येच नीट बोलतात. नंतर ती वारंवारता हलवू नये.

सलग स्वर वापरण्याऐवजी २० चक्रांची स्पंदमाला सेकंदाला २५ वेळा सोडावी. सलग स्वरात प्लेटवरून परत गेलेला ध्वनी स्रोतावर आपटून पुन्हा येतो, स्थिर तरंग उभे राहतात, आणि प्लेट दोन मिलिमीटर हलवली की वाचन वर-खाली होते. स्पंदमालेत हा परतीचा ध्वनी सुमारे १.७ मिलिसेकंद उशिरा येतो, तोवर आपले वाचन घेऊन झालेले असते. चक्रे फार कमीही ठेवू नयेत: नवव्या वलयातून येणारा तरंग सरळ मार्गापेक्षा साडेचार चक्रे उशिरा पोहोचतो, आणि ट्रान्सड्यूसरलाही पूर्ण जोरात यायला वेळ लागतो. म्हणून आयाम स्पंदमालेच्या शेवटच्या भागात, दर वेळी त्याच क्षणाला वाचावा. हलकी टिकटिक ऐकू आली तर ती स्पंदमालेच्या सुरुवातीची व शेवटची आहे, बिघाड नव्हे.

आता मायक्रोफोन स्रोतापासून ४०० मिमीवर ठेवून तीन वाचने घ्यावीत.

पहिले, मध्ये काहीही नसताना. हा आपला पाया.

दुसरे, प्लेटच्या जागी कोरा पत्रा ठेवून. येथे वाचन पहिल्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी झाले पाहिजे. तसे झाले नाही तर ध्वनी कडेवरून, टेबलावरून किंवा वायरींमधून विद्युत हस्तक्षेपाने पोहोचतो आहे. मायक्रोफोनचे छिद्र बोटाने झाकूनही संकेत तसाच राहिला आणि तो १.१५ मिलिसेकंद न थांबता लगेच दिसत असला, तर तो वायरींचाच.

तिसरे, झोन प्लेट ठेवून. वाचन घेताना मायक्रोफोन आडव्या दिशेला एकेक मिलिमीटर आणि अक्षावर पाच-पाच मिलिमीटर सरकवत शिखर शोधावे.

गुणोत्तराचे डेसिबल करताना व्होल्टेज हे दाबाच्या प्रमाणात असते हे लक्षात ठेवावे: लॉगॅरिथमला २० ने गुणायचे, १० ने नाही. प्लेट नसताना ४० मिलिव्होल्ट आणि नाभीवर २२० मिलिव्होल्ट आले तर गुणोत्तर ५.५ आणि वाढ १४.८ डेसिबल. आदर्श गणितात प्रत्येक उघडे वलय मोकळ्या तरंगाच्या दुप्पट दाब देते, म्हणून पाच उघड्या वलयांची कमाल दहापट, म्हणजे २० डेसिबल. प्रत्यक्षात काड्या, तिरकेपणा आणि स्रोताची दिशा यांत काही भाग जातो. निम्मा दाब हाती आला तरी १४ डेसिबल होतात आणि पहिल्या प्रयत्नाला ते समाधानकारक आहे. वीसपेक्षा जास्त आले तर आनंद न मानता मोजणी तपासावी.

सावधान: नाभीवर मायक्रोफोन सहज संपृक्त होतो, म्हणजे त्याची मर्यादा संपते. जनरेटर १० व्होल्टवर असेल तर मेम्स मायक्रोफोनची कमाल मर्यादा, जी बहुधा १२० डेसिबलच्या आसपास असते, ओलांडली जाते. तरंगाचे शेंडे सपाट होतात आणि वाढ खरी असते त्यापेक्षा कमी भासते. जनरेटरचे व्होल्टेज निम्मे करावे: वाचन बरोबर निम्मे झाले तरच ते विश्वासार्ह.

## टप्पा ८: नाभीचा नकाशा

एका शिखरावर समाधान मानू नये, कारण शिखर म्हणजे नाभी असे नेहमीच नसते. उघडी-बंद प्लेट मुख्य नाभीखेरीज प्लेटच्या बरीच जवळ दुय्यम, दुबळ्या नाभीही तयार करते. आपल्या मापांत अशी एक प्लेटपासून तीनेक सेंटिमीटरच्या आत संभवते. प्लेटला लागून शोध सुरू करणारे याच खोट्या शिखरावर अडकतात. म्हणून अक्षावर ४० मिमीपासून १८० मिमीपर्यंत पाच-पाच मिलिमीटरवर वाचने घेऊन आलेख काढावा. त्यात १०० मिमीजवळ तीन-चार सेंटिमीटर लांबीचा एक स्पष्ट उंचवटा दिसला पाहिजे.

त्या उंचवट्याच्या माथ्यावर थांबून आडव्या दिशेला मध्यापासून दोन्हीकडे १५ मिमीपर्यंत, एकेक मिलिमीटरवर वाचने घ्यावीत. मधल्या शिखराच्या सात-दशांश उंचीवर रुंदी ७ मिमीच्या आसपास यावी आणि मध्यापासून आठ-नऊ मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना खोलगट भाग दिसावा. हा खोलगट भाग दिसणे हा प्लेट खरोखर व्यतिकरणाने (तरंग एकमेकांना पूरक किंवा मारक ठरण्याने) काम करीत असल्याचा, शिखराच्या उंचीपेक्षाही पक्का पुरावा आहे.

शिखर १०० ऐवजी १५० मिमीकडे आले तर प्लेट सपाट तरंगांच्या सूत्राने कापली गेली आहे. ते जवळ आले तर छपाई आक्रसली आहे किंवा स्रोत ३०० मिमीपेक्षा दूर आहे. शिखर आडवे सरकले असेल तर स्रोत अक्षावर नाही. शिखर जागेवर पण रुंद आणि बुटके असेल तर ग्राहक मोठा आहे किंवा पत्रा वाकलेला आहे. आणि अक्षावर दर ४.३ मिमीला वर-खाली होणारी लाट दिसत असेल तर स्पंदमालेऐवजी चुकून सलग स्वर चालू राहिला आहे.

## टप्पा ९: बंद वलयांनाही कामाला लावणे

वरील प्लेट निम्मा ध्वनी अडवून वाया घालवते. बंद वलयांतून ध्वनी अर्ध्या तरंगलांबीने उशिरा सोडला तर तोही नाभीवर पूरक होऊन पोहोचतो आणि दाब आदर्श गणिताने जवळपास दुप्पट, म्हणजे आणखी पाच-सहा डेसिबल वाढतो.

येथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. काच प्रकाशाला उशीर करते, तसे प्लास्टिकचे भरीव भिंग हवेतील ध्वनीला करील असे समजून लोक फुगीर भिंग छापून घेतात. हवा आणि प्लास्टिक यांच्या ध्वनिरोधात (माध्यमाकडून ध्वनिलहरीला होणाऱ्या विरोधात) हजारो पटींचा फरक आहे. जवळपास सर्व ध्वनी पृष्ठभागावरूनच परततो. उशीर करायचा तो हवेतच, वाट लांबवून. त्यासाठी वलयाच्या जाडीत नागमोडी बोळ ठेवतात, ज्यातून जाणाऱ्या ध्वनीला शेजारच्या उघड्या वलयापेक्षा ४.३३ मिमी जास्त चालावे लागते.

बोळाची रुंदी ४ मिमीच्या आत ठेवावी, म्हणजे त्यातून एकच साधा तरंग जाईल. मात्र १ मिमीपेक्षा अरुंद करू नये, कारण भिंतींशी होणाऱ्या घर्षणाचा तोटा वाढत जातो आणि त्रिमितीय छपाईत राहिलेले प्लास्टिकचे धागे बोळ बुजवतात. वळणावर ध्वनी कोपरा कापून जातो, त्यामुळे मध्यरेषेवर मोजलेली लांबी प्रत्यक्ष लांबीपेक्षा जास्त भरते. गणितावर विसंबून पूर्ण प्लेट छापू नये. आधी फक्त एक बोळ, कोऱ्या पत्र्यातील तेवढ्याच छिद्रात बसवून, छापावा आणि त्याच जागी त्याच रुंदीचे साधे सरळ छिद्र ठेवून दोन्ही वेळच्या तरंगांची तुलना ऑसिलोस्कोपवर करावी. बोळातला तरंग अर्ध्या चक्राने, म्हणजे १२.५ मायक्रोसेकंदांनी मागे दिसला पाहिजे, आणि त्याचा आयाम सरळ छिद्राच्या मानाने फार खाली गेलेला नसावा. उशीर १० मायक्रोसेकंदच येत असेल तर बोळ सुमारे ०.९ मिमीने लांबवून पुन्हा छापावा. आयामच कोसळला असेल तर आधी बोळात धागा अडकला आहे का ते उजेडात धरून पाहावे.